एकविसावी बाटली

तोचिमाता, ४ नोव्हेंबर १९६९

हिसाए,

पत्राच्या सुरुवातीला थंडीवाऱ्याची चौकशी करायची आपल्याकडे पद्धत आहे. ती केली असं समज. थंडी पडली आहे आणि माझं डोकं फिरलं आहे.

तुमच्या सेंदाईच्या प्रयोगशाळेतून प्राध्यापकसाहेबांचं पत्र आलं. आमच्या वरच्या आळीतली दहा घरं, त्या दहा घरांतले नवरा-बायको, म्हणजे वीस माणसं. या वीसजणांची एका अख्ख्या दिवसाची लघवी त्यांना हवी आहे. गोळा कोण करणार, तर गावची नर्स. बेचाळिसाव्या वर्षी हे वाहायचं माझ्या नशिबी आलं. ती तपासायला तूच बसणार आहेस असं खाली तुझं नाव वाचून कळलं, म्हणून लिहिते. एरवी आपण नवीन वर्षाच्या कार्डापलीकडे कुठे लिहितो?

तरी मी हो म्हटलं. सहा वर्षं मी या गावात घरोघर जाऊन 'काय खाल्लं' विचारते आणि फॉर्म भरते. उत्तर ठरलेलं असतं. "भात, मिसोचं सार, थोडी भाजी." सार खारट होतं का? "छे हो नर्सबाई, अगदी बेताचं." आणि दोन महिन्यांनी तोच माणूस न्हाणीघरात तोंड वाकडं होऊन पडलेला सापडतो. मागच्या हिवाळ्यात आकिताच्या या एवढ्याशा दरीत अकरा माणसं अर्धांगवायूने गेली. अकराही जणांचं सार बेताचंच होतं, माझ्या फॉर्मांत तसं लिहिलेलं आहे. मला त्या फॉर्मांची किळस आली आहे. तुमचे साहेब म्हणतात, तोंडाला विचारू नका, लघवीला विचारा, खाल्लेलं मीठ तिथे उतरतंच. मग विचारू या.

आणखी एक कारण आहे. वरच्या आळीत किनुबाई म्हणून आहेत. अकरांतला एक त्यांचा नवरा. तेव्हापासून त्या दिसेल त्याला सांगतात, "सुनेच्या हाताने गेला माझा माणूस. तिच्या हातात मीठ आहे." सून मित्सुए, तिशीची, तोंडातून शब्द न काढणारी. मी महिनाभर तिच्या घरची मिठाची बरणी आणि मिसोच्या खारट लगद्याचं मडकं रोज वजन करून पाहिलं. आळीतल्या कुठल्याही घराच्या निम्मंसुद्धा ती वापरत नाही. किनुबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, दुसरी बरणी लपवली असेल. आता मुलाचा, योशिझोचा, रक्तदाबही चढलेला निघाला आणि म्हातारीला निमित्तच मिळालं. नवीन वर्षाच्या आत मित्सुएला माहेरी परत पाठवायचं घरात ठरतंय. सहा वर्षांची मुलगी आहे, सायो. ती अर्थातच इथे राहील, घराण्याची म्हणून.

मी मित्सुएला सांगितलं, घाबरू नकोस. तू आणि योशिझो एकाच चुलीवरचं जेवता. तुझ्या बाटलीत मीठ कमी आणि त्याच्या बाटलीत जास्त निघालं, तर ते तुझ्या चुलीतून आलेलं नाही हे लहान पोरालाही कळेल. बाटली साक्ष देईल. मी तिला शब्द दिला आहे, तेव्हा नीट तपास.

फुसा

॥

सेंदाई, ११ नोव्हेंबर

फुसाताई,

लहानपणी गोठ्यावरून जातानासुद्धा नाकाला बाही लावायचीस. आता वीस बाटल्या वाहणार आहेस हे वाचून मला इथे एकटीला हसू आलं. या खोलीत आम्ही फारसं हसत नाही. इथला वास कपड्यांना लागतो, घरी गेलं तरी सुटत नाही. ट्राममध्ये शेजारची बाई सरकून बसते. सवय होते म्हणतात, मला आठ वर्षांत झालेली नाही.

काम सोपं आहे. थेंबभर लघवी ज्योतीत फवारली की ज्योत पिवळी होते. जितकं मीठ तितकी पिवळी, आणि पिवळेपण यंत्र मोजतं. माणूस खोटं बोलला तरी ज्योतीला त्याचं काही नसतं.

लोक ज्योतीलाही फसवू बघतात. दिवसभराची सांगितली तर दोन वेळचीच भरतात, उरलेलं पाणी घालतात. म्हणून आम्ही आणखी एक द्रव्य मोजतो. ते स्नायूंमधून रोज ठरलेल्या मापाने उतरतं, मग तुम्ही काहीही खा. धिप्पाड पुरुषाचं जास्त, लहानखुऱ्या बाईचं कमी. प्रत्येकाचा आकडा आपापला. पाणी घातलं, कमी भरली, नवऱ्याच्या जागी बायकोने भरली, सगळं त्यावरून उघडं पडतं. तेव्हा तुझ्या लोकांना सांग की सकाळची पहिली टाकायची, मग दुसऱ्या सकाळच्या पहिलीपर्यंत सगळी आपापल्या बाटलीत जमा करायची. बाटलीवर नाव. आमच्याकडे फक्त क्रमांक लिहून पाठव, नावं मला नकोत.

आणि एक बाटली तुझीही भर. लोकांकडून घेतेस तर स्वतःही दे.

मित्सुएची गोष्ट तू मला मुद्दाम लिहिलीस की लिहिताना विसरलीस की पत्र कुणाला जातंय, हे मला कळलं नाही. असो. तपासेन नीट.

हिसाए

॥

तोचिमाता, २४ नोव्हेंबर

हिसाए,

झालं एकदाचं. काल सकाळी ट्रक येऊन एकवीस बाटल्या घेऊन गेला. माझ्या हाताला अजून वास येतो आहे असं वाटतं, चार वेळा साबणाने धुतले.

बाटल्या कुठल्या विचारशील, तर साके दारूच्या, त्याच मोठ्या, पावणेदोन लिटरच्या. इथे घरोघरी त्याच रिकाम्या पडलेल्या असतात. वरची चित्रंसुद्धा कुणी काढली नव्हती. पंधरा दिवस मी ज्या घरी जाईन तिथे हाच विषय. "नर्सबाई, मी दुपारी शेतावर असतो, तिथली कशी आणायची?" "नर्सबाई, आमच्या यांना नेम नाही हो." मी हसत नव्हते. महिला मंडळाच्या इसोबाई म्हणाल्या, तुम्ही दारोदार कशाला फिरता, आम्ही बायका सभागृहात जमा करून ठेवतो. माझी सुटका झाली म्हणून मी लगेच हो म्हटलं.

काल सकाळी गेले तर काय, वीसही बाटल्या ओळीने मांडलेल्या, पुसलेल्या, बुचं घट्ट, चिठ्ठ्या सरळ चिकटवलेल्या. सगळ्या एका उंचीला भरलेल्या. सहा वर्षांत या लोकांनी माझं एकही काम इतकं नीट केलं नव्हतं. खरं सांगते, मला भरून आलं.

मित्सुएच्या बाबतीतही मी तयारी केली आहे. इसोबाईंकडे चहाला बसले होते तेव्हा किनुबाईही होत्या. मी आडून आडून समजावलं की एकाच चुलीवर जेवणाऱ्या दोघांच्या बाटल्या वेगळ्या आल्या तर त्याचा अर्थ काय होतो. किनुबाईंनी अगदी मन लावून ऐकलं, दोन प्रश्नही विचारले. म्हातारी वाटते तितकी आडमुठी नाही.

माझ्या बाटलीसोबत माझा फॉर्मही पाठवला आहे. सकाळी मिठाशिवाय पेज, दुपारी भात आणि उकडलेला भोपळा, संध्याकाळी तेच. बाकी दिवसभर फिरती होती, मध्ये फक्त चहा. माझा आकडा कमीत कमी असेल, तो मी मंडळाच्या सभेत सगळ्यांपुढे धरणार आहे.

फुसा

॥

सेंदाई, ६ डिसेंबर

फुसाताई,

हे पत्र बसून वाच.

पहिल्या बाटलीत मीठ एकवीस ग्रॅम आलं. दुसरीत एकवीस, तिसरीत एकवीस. पाचवीपर्यंत आल्यावर मी यंत्र बंद केलं, नळी साफ केली, पुन्हा सुरू केलं. सहावीत एकवीस. म्हटलं यंत्र गेलं, आता साहेब मला बोलणार. मग दुसरं द्रव्य काढलं, ते माणसामाणसाचं वेगळं असतं म्हणून लिहिलं होतं ना, ते. तेही वीसही बाटल्यांत एकच. दहा पुरुष, दहा बायका, अठ्ठावीस वर्षांपासून त्रेसष्ट वर्षांपर्यंतची माणसं, आणि सगळ्यांचा आकडा एक. अशी वीस माणसं जगात नसतात, ताई. वीस बाटल्यांत माणूस एकच आहे आणि तो कुणीही नाही.

तुझ्या लोकांनी वीसजणांची लघवी एकत्र ओतली, ढवळली आणि पुन्हा वीस बाटल्यांत भरली. तुला ज्या एका उंचीच्या बाटल्या बघून भरून आलं, त्या त्यामुळे एका उंचीच्या होत्या.

आठ वर्षांत मी पाणी घातलेली पाहिली आहे, चहा भरलेला पाहिला आहे, एकदा बैलाची निघाली. हे पाहिलं नव्हतं. हातमोजे काढून मी बाहेर जाऊन उभी राहिले. साहेबांनी आकडे बघितले आणि वहीत तोचिमातावर काट मारली. आता पुन्हा कुणी येणार नाही.

तुझ्या मित्सुएची बाटली त्यात गेली. तिच्यातलं तिचं काय होतं ते आता देवालाही काढता येणार नाही.

एकविसावी बाटली मात्र वेगळी आहे. ती तुझी. पूर्ण दिवसाची, बाईची, पाणी न घातलेली, एकदम चोख. मीठ सत्तावीस ग्रॅम. आळीच्या सरासरीपेक्षा सहा ग्रॅमनी जास्त. तीनदा तपासलं. तू मिठाशिवाय पेज खातेस ना? मग हे कुठून येतं?

हिसाए

॥

तोचिमाता, १० डिसेंबर

हिसाए,

पत्र आलं तशी इसोबाईंकडे गेले. दारातच विचारलं, मिसळलंत का. लपवालपवी नाही, काही नाही.

"मिसळलं की," त्या म्हणाल्या. "अहो, त्यात एवढं काय? उद्या कागदावर एका घराचे चोवीस आणि दुसऱ्या घराचे चौदा आले, तर आम्ही एकमेकींना तोंड कसं दाखवायचं? शेताचं पाणी वाटून घेतो, छपराचं गवत वाटून घेतो, हेही वाटून घेतलं. सगळ्यांचं सारखं. कुणाला कमीपणा नको."

"कशात मिसळलंत?"

"डोणीत."

"कुठल्या डोणीत?"

"सभागृहात एकच तर आहे. नंतर कढत पाण्याने धुतली हो, आम्ही काय घाणेरड्या आहोत?"

तसली डोण तुला आठवत असेल. अख्ख्या आळीचा हिवाळ्याचा मुळा खारवण्याआधी तिच्यात धुतात. बाटल्या भरल्यानंतर चारच दिवसांनी या वर्षीचा शेवटचा मुळा तिच्यात धुतला. तो आता घरोघरच्या पिंपांत मिठाखाली दाबलेला आहे, आणि आठवड्यात मी सहा घरी तोच खाल्ला. मी इसोबाईंच्या मागच्या दारी गेले आणि ओकले. त्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "दगदग करता फार. या, चहा घ्या." आणि चहासोबत बशी पुढे केली. बशीत मुळा.

तिथे माझ्या डोक्यात उजेड पडला. तू विचारलंस, कुठून येतं. फिरतीच्या दिवशी मी अकरा घरी गेले होते. अकरा घरी चहा. चहासोबत खारवलेल्या मुळ्याच्या चार-पाच जाड फोडी. नाही म्हणायची सोय नाही. घरच्या बाईच्या हाताचा मुळा परत केला तर तिच्या तोंडावर मारल्यासारखं होतं. आणि फॉर्मात मी काय लिहिलं? 'मध्ये फक्त चहा.' हिसाए, सहा वर्षं मी लोकांना खोटारडे म्हणत आले. कुणी खोटं बोलत नव्हतं. चहासोबतचा मुळा इथे कुणी खाणं म्हणून धरतच नाही. मीही धरला नाही, फॉर्म माझ्या हाताने भरताना. गावातली सगळ्यात खारट लघवी मिठाविरुद्ध भाषणं देणाऱ्या बाईची निघाली.

आता योशिझोचंही कळलं. किनुबाई सकाळी दहाला आणि दुपारी तीनला मुलासाठी चहा घेऊन शेतावर जातात, स्वतःच्या पिंपातला मुळा घेऊन. नवऱ्यालाही तसाच न्यायच्या. मित्सुए सोबत नसते, घरी कामाला असते, आणि सासूचं पिंप सून उघडत नाही.

डोण बाहेर काढायची कल्पना कुणाची होती, ते जाता जाता विचारलं. इसोबाई म्हणाल्या, "किनुबाईंनीच सुचवलं. फार विचारी बाई."

मी त्यांना चहावर सगळं समजावून सांगितलं होतं. दोन प्रश्नही विचारले होते त्यांनी. माझी मलाच शिसारी येते आहे. मित्सुएला काय तोंड दाखवू? तिला माहेरी पोचवायला वीस तारखेनंतर माणूस येणार आहे.

फुसा

॥

सेंदाई, १४ डिसेंबर

फुसाताई,

मित्सुएची बाटली गेली, पण तुझी आहे. तू कुणाच्या सुनेच्या हातचं जेवत नाहीस. एकटी राहतेस, मिठाशिवाय पेज खातेस, आणि तरी तुझ्यातून सत्तावीस ग्रॅम निघतं. म्हणजे मीठ चुलीतून येत नाही, चहाच्या बशीतून येतं. मित्सुएच्या बाटलीने जी साक्ष द्यायची होती ती तुझी बाटली देऊ शकते. फक्त तुला सगळ्यांपुढे उभं राहून सांगावं लागेल की तो आकडा तुझा आहे. मग सहा वर्षांच्या भाषणांचं काय होईल ते होवो.

आता जे अकरा वर्षं लिहिलं नाही ते लिहिते. माझं लग्न तू जमवलं होतंस. मला परत पाठवलं तेव्हा कारण काय दिलं होतं आठवतं? माझं सार फिकं. सासरा म्हणाला, ही घराला पाणी पाजते. सासूने सभेत सांगितलं, हिच्या हाताला चव नाही, हात राखून मीठ घालते, कंजूष माहेरची. तू त्या दिवशी तिथे बसली होतीस, ताई. नर्स होतीस. कमी मीठ चांगलं, एवढं एक वाक्य तुला माहीत होतं. तू चहा प्यायलीस आणि घरी गेलीस. माझी मुलगी नाओ तीन वर्षांची होती. ती दारात उभी होती आणि तिला कुणीतरी आत ओढून घेतलं.

मला मीठ कमी म्हणून काढलं, हिला मीठ जास्त म्हणून काढतायत. मला या सगळ्याची इतकी किळस आहे की बाटल्यांचा वास त्यापुढे काहीच नाही.

आता तरी ते एक वाक्य बोल.

हिसाए

॥

तोचिमाता, २२ डिसेंबर

हिसाए,

आधी त्या दिवसाबद्दल लिहिते. मी तेव्हा घाबरले होते. तुझ्या सासरच्या गावात माझी नवी नोकरी होती आणि ते घर मोठं होतं. यापेक्षा जास्त काही नव्हतं.

परवा वर्षअखेरची महिला मंडळाची सभा झाली. मी बोलले.

वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर सत्तावीस ग्रॅम मीठ मोजून ओतलं. पाच चमचे होतात, चांगला ढीग दिसतो. म्हटलं, हे एका बाईच्या एका दिवसाचं. बायका नाक मुरडून कुजबुजायला लागल्या, कोण ही भवानी. म्हटलं, मी. सगळं सांगितलं. पेज, अकरा घरं, अकरा बशा. म्हटलं, माझ्या घरी मीठ घालणारी सून नाही, मग हे कुठून आलं ते तुम्हीच ठरवा. आणि ज्या घरात सुनेला दोष देतात, त्या घराने शेतावर जाणाऱ्या डब्यात काय असतं ते उघडून बघावं.

नाव घेतलं नव्हतं. घ्यायची गरज नव्हती. किनुबाई समोर बसल्या होत्या, मित्सुए त्यांच्या मागे, दाराशी.

किनुबाई शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे माझ्या नवऱ्याला मी मारलं, असं नर्सबाईंचं म्हणणं आहे."

हा विचार मी केला नव्हता, हिसाए. तुला खोटं वाटेल, पण नव्हता केला. आकडा घेऊन गेले होते, आणि तो आकडा कुठे जाऊन लागणार ते पाहिलं नव्हतं. त्या म्हातारीने चाळीस वर्षं दिवसातून दोनदा त्या माणसासाठी स्वतःच्या हातचा मुळा नेला होता.

त्यांनी समोरची बशी उचलून माझ्यापुढे सरकवली. "माझ्या पिंपातला आहे. घ्या."

सगळ्या बघत होत्या. मला ती डोण आठवत होती, ढवळलेलं पिवळं आठवत होतं. मी म्हटलं, "नको." सहा वर्षांत पहिल्यांदा. बशी परत सरकवली.

तेवढ्यात मित्सुए गुडघ्यांवर सरकत पुढे आली. बशी तिने स्वतःकडे घेतली, एक फोड उचलली आणि खाल्ली. "आईंच्या हातचा मुळा आळीत सगळ्यात चांगला आहे," म्हणाली. "मी रोज खाते." मग दुसरी खाल्ली, मग तिसरी. सगळी बशी रिकामी केली. तो सभागृहात ऐकू येणारा कुरकुर आवाज माझ्या कानातून जात नाही. शेवटी किनुबाईच म्हणाल्या, "हळू गं. कुणीतरी हिला चहा द्या."

तिने कधी खाल्ला नव्हता, मला माहीत आहे. पिंपाला हातही लावू देत नव्हत्या तिला. निघताना बुटात पाय घालायला वाकलो तेव्हा माझ्या कानाशी म्हणाली, "नर्सबाई, राग धरू नका. सायो आज माझ्याजवळ झोपेल." बाहेर बर्फ पडत होतं. सासूने छत्री उघडली आणि हिला आत घेतलं. पोचवायला येणाऱ्या माणसाला काल नको म्हणून कळवलं.

म्हणजे मी बोलले, आणि ती राहिली. पण माझ्या बोलण्याने राहिली नाही, माझ्या विरुद्ध बसली म्हणून राहिली. घरी आल्यावर कुणाची किळस येते आहे ते नीट सांगता येत नव्हतं. त्या मुळ्याची, किनुबाईंची, मित्सुएची, की इतका बिनचूक आकडा घेऊन इतकं चुकीच्या ठिकाणी उभं राहणाऱ्या माझी.

कालपासून मला कुठल्याही घरी चहा विचारत नाहीत.

फुसा

॥

तोचिमाता, १८ फेब्रुवारी १९७०

हिसाए,

दोन महिने लिहिलं नाही. छातीएवढं बर्फ आहे आणि लिहिण्यासारखं काही नव्हतं. मी घरांत जाते, रक्तदाब मोजते, उभ्याउभ्या निघते. या हिवाळ्यात आतापर्यंत सातजण पडले.

आज सकाळी मित्सुए दवाखान्याच्या मागच्या दाराने आली. फडक्यात गुंडाळलेल्या दोन बाटल्या. "एक माझी, एक यांची," म्हणाली. "दोघांची अख्ख्या दिवसाची आहे. मिसळलेली नाही, सायोची शपथ. यांना सांगितलं, नर्सबाईंना औषधाच्या मापासाठी हवी आहे." मी विचारलं, आता कशाला? तुला तर ठेवून घेतलं. म्हणाली, "कुणाला सांगायचं नाहीये. फक्त मला कळू दे. मामंजी माझ्या चुलीमुळे नाही गेले, हे एकदा आकड्यात बघू दे. मग तो कागद मी जाळून टाकेन."

साहेबांनी आमच्यावर काट मारली आहे हे मला माहीत आहे. तरी तू गुपचूप तपास. एक नंबरची तिची, दोन नंबरची योशिझोची. तीन नंबरची माझी. दोघांच्या आकड्यांत मोठा फरक निघेल, माझी खात्री आहे. नुसता तो फरक लिहून पाठव. या गावात मी एका माणसाला तरी खरं काय ते देऊ शकले, असं मला वाटू दे.

फुसा

॥

सेंदाई, ३ मार्च १९७०

फुसाताई,

आज बाहुल्यांचा सण. शेजारच्या घरात मुलींनी पायऱ्यांवर बाहुल्या मांडल्या आहेत, मला बोलावलं होतं, मी गेले नाही. नाओ आता चौदा वर्षांची असेल.

सगळे गेल्यावर बाटल्या तपासल्या. तुझ्यात नऊ ग्रॅम आलं. तुझ्या वयाच्या आकिताच्या बाईत एवढं कमी मी आजवर पाहिलेलं नाही. लोकांनी चहा तोडला त्याचा हा फायदा.

आता त्या दोन. आधी दुसरं द्रव्य काढलं. दोन नंबरमध्ये ते भरपूर आहे, कष्टाळू पुरुषाचं असावं तेवढं. एक नंबरमध्ये त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त, लहान चणीच्या बाईचं. दोन्ही पूर्ण दिवसाच्या आहेत. तिने शपथ खरी घेतली, काहीही मिसळलेलं नाही. ही दोन वेगळी माणसं आहेत.

मग ज्योत लावली. योशिझोचं मीठ पंचवीस ग्रॅम. मित्सुएचंही पंचवीस.

चारदा तपासलं. नळी धुतली, बाटल्या उलटसुलट केल्या. ज्योत दोन्हीला तेवढीच पिवळी होते. फरक नाही, ताई. डिसेंबरात वीस बाटल्या सारख्या आल्या तेव्हा डोणीने सारख्या केल्या होत्या. या वेळी डोण लागली नाही. मित्सुए आता सासूबरोबर चहाला बसत असणार, दहाला आणि तीनला, आणि बशी रिकामी करत असणार. त्यावरच तिचं त्या घरात राहणं आहे.

मीठ तिच्या चुलीतून नव्हतं हे सांगणारी बाटली पहिलीच होती, नोव्हेंबरची. ती डोणीत ओतली गेली. आता मित्सुए कितीही वेळा भरून देवो, तिची बाटली किनुबाईंच्याच बाजूने साक्ष देणार.

मला या आकड्याची किळस आली, आणि मग एक विचार आला त्याची त्याहून जास्त आली. तो विचार असा, की मला त्या घरात ठेवून घेतलं असतं, तर माझीही बाटली अशीच निघाली असती. आणि मी ती रोज आनंदाने भरली असती, नाओला कुशीत घेऊन.

कागद सोबत जोडलेला नाही. मी तो बनवलाच नाही. तिला काय सांगायचं ते तू ठरव, या वेळी माझं काही म्हणणं नाही. फक्त योशिझोचा रक्तदाब घ्यायला जाशील तेव्हा पट्टा तिच्याही दंडाला बांधत जा.

हिसाए